हातधरीवरचा निळा शर्ट

अबू हमूर, दोहा
शुक्रवार, २९ जून २०१८

प्रिय सौ. अंजना,

वाडीचा मोबाइलचा टॉवर पुन्हा आडवा झाला असं कळलं. म्हणजे दिवाळीपर्यंत आपला पोस्टमनच खरा. हे पत्र मुंबईला निघालेल्या एका माणसाजवळ देतोय, तो तिथे पेटीत टाकेल.

आधी गोड बातमी. चोवीस ऑगस्टपासून तीस दिवस सुट्टी मंजूर! भर श्रावणात! पावसाळ्यातली सुट्टी कंपनीत जुन्या लोकांनाच मिळते, आम्हा बाकीच्यांच्या नशिबी फेब्रुवारी. म्हणून यंदा मी फेब्रुवारी सोडला, दीड वर्ष तोंड दाखवलं नाही आणि तुझ्या शिव्या खाल्ल्या. शेवटी अवधूत साहेबांनी शब्द टाकला. सहा श्रावण हुकले अंजना. दर फेब्रुवारीत येतो तेव्हा दुधाणी धबधब्याच्या घळीत कोरडे दगड आणि माकडं, एवढंच असतं. यंदा पाणी बघणार.

आता दुसरी बातमी, ती गोड की कडू ते तू ठरव. साहेब आणि नमिता मॅडम जुलैत पुण्याला येतायत आणि त्यांना दुधाणी बघायची आहे. चूक माझीच. मे महिन्यात साहेबांना घेऊन शमालच्या रस्त्याने गाडी चालवत होतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री, खोदकामामुळे तिसरं डायव्हर्जन. साहेब मागून म्हणाले, "धनाजी, काहीतरी गार बोल." मी बोलत सुटलो. कारवीतली वाट सांगितली, उंबराखालचा अंधार सांगितला, दोन पुरुष उंचीची ती पांढरी धार सांगितली. हातधरीचंसुद्धा सांगितलं: तो शेवाळलेला खडक हात धरल्याशिवाय ओलांडता येत नाही आणि आपल्या वाडीत लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात नवऱ्याने बायकोला तिथून न्यायची रीत आहे. मॅडम म्हणाल्या, "हे बघायलाच हवं." झालं. माझ्या आधी माझा धबधबा ते बघणार. खरं सांगतो, पोटात दुखलं.

तरी पाहुणचारात कमी नको. मॅडमना गवती चहाच लागतो, साखर अजिबात नको, दूध अगदी थेंबभर. उजवा गुडघा दुखतो, तेव्हा चढाला मध्ये बसव. फार मायाळू बाई आहेत. मला समैस्माच्या समुद्रावर नेतात तेव्हा माझाही डबा आणतात.

वाट दाखवायला कुणालाही घे, गजेंद्रला सोडून. वनखात्याचा डगला घातला म्हणून रान त्याच्या बापाचं होत नाही. त्याचं स्थळ माझ्या आधी तुझ्याकडे आलं होतं हे मी विसरलेलो नाही. तूही विसरली नसशील.

तुझा,
धनाजी

&nbsp;

वाडी
गुरुवार, २६ जुलै

अहो,

घाईत लिहिते. तुमच्या मॅडम ओसरीवर बसल्या आहेत आणि हे पत्र त्यांच्याच हाती द्यायचं आहे.

त्या आल्या, दुधाणी बघितली, खूश झाल्या. बरोबर त्यांची धाकटी बहीण नुपूर होती. साहेबांना यायला जमलं नाही.

गवती चहा दिला. बिनसाखरेचा, थेंबभर दुधाचा. गुडघ्यासाठी तीनदा बसवलं. तुमच्या मॅडम हसतात छान. त्यांच्या हातांना सुगंधी मलमाचा वास येतो. माझ्या हातांना सध्या भातलागणीच्या चिखलाचा येतो. तुमची त्या फार तारीफ करत होत्या.

वाटेला कोण होतं, काय झालं ते तुम्ही आल्यावर बोलू. एकच विचारते. त्यांचा चहा तुम्हाला दुधाच्या थेंबासकट पाठ आहे. मला चहा कसा लागतो? तेवढं लिहून पाठवा.

अंजना

&nbsp;

दोहा
शुक्रवार, १७ ऑगस्ट

अंजना,

तुझं पत्र मिळालं. इतकं आखूड का, ते आज कळलं.

सकाळी मॅडमना घेऊन निघालो होतो. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चही शुक्रवारीच भरतं; त्या गर्दीत सिग्नलला दहा मिनिटं अडकलो. मॅडमनी मागून फोन पुढे केला. "धनाजी, बघ तुझी दुधाणी! फोटो मी अलीकडच्या काठावरून काढलाय. अंजनाला ओळखलंस ना?"

म्हटलं, ओळखलं.

का नाही ओळखणार? हिरवी साडी, पोपटी काठ, आपण कराडला घेतलेली. नेसून हातधरीवर उभी आहेस, चेहरा पाण्याकडे. आणि तुझा हात धरून पुढे जो उभा आहे, त्याची पाठ आहे, कमरेखाली कारवी आहे, डोक्यावर प्लास्टिकची खोळ आहे. पण अंगात माझा शर्ट आहे! निळ्या चौकड्यांचा. उजव्या खांद्यावर तूच लावलेलं ठिगळ आहे. ते ठिगळ मी आंधळा झालो तरी ओळखीन.

माझा शर्ट, माझी बायको, माझा धबधबा. मी मात्र इथे लाल दिव्यापाशी. मागच्याने भोंगा वाजवला तेव्हा दिवा हिरवा झालाय हे कळलं. तो कोण, हे मॅडमना विचारायला जीभ उचलली नाही. स्वतःच्या बायकोचं परक्या बाईला काय विचारायचं?

विचारायची गरजही नाही. सबंध पत्रात गजेंद्रचं नाव नाही. वाटेला कोण होतं ते "आल्यावर बोलू". चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! वर मला चहाचं विचारतेस. चहाचं नंतर, आधी शर्टाचं बोल. कपाटातला माझा शर्ट त्याच्या अंगावर कुणी चढवला?

जळतोय मी, अंजना. लपवत नाही. इथे उन्हाने जळतो, त्याची सवय झाली. ह्याची नाही.

सोमवार, २० ऑगस्ट

पुढचं आज लिहितो. काल ऑफिसात जाऊन माझी सुट्टी मी बाजीरावला देऊन टाकली. आपल्या पलीकडच्या खोऱ्यातला, माझ्याच खोलीतला इलेक्ट्रिशियन. त्याची बहीण बाळंतपणाला आलीय, त्याला जायचंच होतं. बदलीच्या कागदावर सही केली. खलास. हे पत्र तोच आणून देईल.

कुणाची अडचण व्हायला मी येत नाही.

धनाजी

&nbsp;

वाडी
मंगळवार, ४ सप्टेंबर

अहो,

तुमचं पत्र वाचून चार दिवस मी गप्प बसले. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. पाचव्या दिवशी वाटलं, गप्प बसले तर तुम्ही म्हणाल, बघा, खरंच होतं.

निळ्या शर्टातला माणूस मी आहे.

पुन्हा वाचा. मी आहे. हिरव्या साडीतली आहे नुपूर, तुमच्या मॅडमची बहीण.

ऐका आता. त्या दोघी आल्या तेव्हा मी खाचरात लागण करत होते. लागणीला बाया काय घालतात हो? नवऱ्याचा जुना शर्ट, साडीवरून. तुमच्या आईने जन्मभर घातला, तुमच्या आजीने घातला. तुम्ही त्याच बांधावर खेळून मोठे झालात. कुठल्या वाळूत पुरून आलात हे सगळं? सात वर्षं कोट-टायवाल्यांच्या गाड्या चालवून तुम्हाला शर्ट दिसला की पुरुषच दिसायला लागला!

नुपूर पहिल्याच ओढ्यात पाय घसरून चिखलात बसली. तिला घरी परत आणलं, अंग पुसलं, माझी हिरवी साडी नेसवली. मी चिखलाच्या शर्टानेच पुन्हा निघाले, वर खोळ घातली. हातधरीवर ती पोरगी थरथरत होती, म्हणून मी पुढे होऊन हात दिला. मॅडमचा गुडघा, म्हणून त्या अलीकडे थांबल्या आणि त्यांनी फोटो काढला. "अंजनाला ओळखलंस ना" म्हणाल्या त्या बरोबरच म्हणाल्या. अंजना फोटोत होती. तुम्ही भलतीकडे बघितलं. कावीळ झाली की सगळं पिवळंच.

गजेंद्रची जूनमध्ये बदली झाली, दुसऱ्या वनक्षेत्रात. बायको-पोरांसकट गेला. नाव लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतंच.

आता मी आखूड का लिहिलं ते सांगते. तुम्ही लपवत नाही, मग मी का लपवू? मीही जळत होते. तुमच्या प्रत्येक पत्रात मॅडम. मॅडमचा चहा, मॅडमचा गुडघा, मॅडम मायाळू. वाट दाखवायला मला शेजारच्या काकांना पाठवता आलं असतं. लागण टाकून मी स्वतः गेले ती ह्या बाईला जवळून बघायला. बघितलं. चांगली आहे बाई. तिच्यावर राग धरता येईना, त्याचा आणखी राग आला.

चढावर बसलो असताना त्यांनी मला एक सांगितलं. तुम्ही पोर्चमध्ये गाडी धुता तेव्हा नळी टपावर ठेवता, पाणी सोडता आणि आत जाऊन काचा लावून बसता. काचेवरून पाणी उतरतं ते बघत. साहेब पाणी वाया जातं म्हणून ओरडले, तरी परत बसता. मॅडम म्हणाल्या, "त्याला तुमची दुधाणी आठवते." त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

मला बरं नाही वाटलं. मी त्या धारेकडे बघितलं आणि मला वाटलं, ह्या माणसाला पाण्याची आठवण येते. माझी येते का? सहा श्रावण हुकले म्हणून लिहिता. सहा वर्षं मी हुकले, असं एकदाही लिहिलं नाहीत. मॅडमवर जळून जळून थकले, पण खरी सवत ती घळीतली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

म्हणून चहाचं विचारलं होतं. त्याचंही उत्तर आलं नाही.

सुट्टी वाटून टाकलीत हे सासूबाईंना सांगावं लागलं. त्या शेंगा फोडत होत्या. म्हणाल्या, "म्या नातवंड मागतीया, अन् ह्यो लेक सुट्टी वाटत सुटलाय व्हय!" मग शेंगा बाजूला ठेवून उठल्या. सोप्यातली तुमच्यासाठी झाडून ठेवलेली खाट त्यांनीच उचलून भिंतीला उभी केली.

आणि एक राहिलं. बाजीराव भावजी तीस तारखेला आले. तुमचा लिफाफा दिला, चहा घेतला आणि म्हणाले, "वैनी, धनाजी खोलीत रोज त्या दुधाणीचं सांगतो. एकदा बघू का?" मी लिफाफा न फोडताच कोनाड्यात ठेवला. तुम्ही पाठवलेला माणूस, त्याला नाही कसं म्हणू? शर्ट घातला, नेलं. पाऊस आदल्या रात्रीच होऊन गेला होता, धार भरून होती. हातधरीवर त्यांचा पाय सुटला. मी हात दिला.

घरी येऊन मग तुमचं पत्र वाचलं.

तेव्हा फोटोतलं खोटं होतं, भावजींना हात दिला हे खरं आहे. जळायचंच असेल तर ह्यावर जळा. तुमचा श्रावण तुम्हीच त्यांना दिलात.

हे पत्र पोस्टाने धाडत नाही. भावजी परतताना त्यांच्याच हाती देणार आहे. तोवर तुम्ही तसेच बसा.

अंजना

&nbsp;

दोहा
शुक्रवार, २८ सप्टेंबर

अंजना,

बाजीराव रविवारी आला. पत्राबरोबर तू दिलेल्या नाचणीच्या पापडांचा डबाही दिला. पत्र वाचून मी तो डबा तसाच पलंगाखाली सरकवला. खायची लायकी वाटेना.

दुसऱ्या दिवशी मॅडमना म्हटलं, तो फोटो पुन्हा दाखवाल का? त्यांनी दिला. दोन बोटांनी मोठा केला. निळ्या बाहीच्या टोकाला हिरव्या बांगड्या आहेत. पाच-सहा स्पष्ट दिसतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या तिथेच होत्या, पण मी ठिगळ बघत बसलो होतो. आणि एक दिसलं. धरणारा हात हिरव्या साडीचा आहे, देणारा शर्टाचा. पुढे उभं राहून हात देणारा तो पुरुष, असं मी धरून चाललो. पहिल्या श्रावणात मी दिला होता ना, म्हणून. त्यानंतर तिथे लोकांना कोण हात देतं, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मॅडमनी विचारलं, "काय शोधतोयस?" मी सगळं सांगून टाकलं. त्या हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तिला सॉरी म्हटलंस का?" म्हणून म्हणतो. चुकलो. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि सहीसुद्धा करून आलो.

बाजीरावला रोज विचारतो, दुधाणी कशी होती? तो म्हणतो, "पाणी होतं." अरे, पण कसं होतं? "भरपूर होतं." एवढंच! माझा श्रावण ह्या दगडाला दिला. तो जेवताना त्याचा उजवा हात बघतो आणि घास उतरत नाही. तू धरलेला हात आहे तो. बोलता येत नाही. भांडावं तर कशावरून? काल त्याने पंख्याचं बटण दुरुस्त करून दिलं, तर मी शुक्रनसुद्धा म्हटलं नाही.

आता चहाचं. पाच दिवस डोक्याला ताण दिला. गुळाचा? आल्याचा? कपात की बशीत? मला काहीच आठवेना. साहेबांचं, मॅडमचं, कॅम्पातल्या माणसांचं, सगळ्यांचं सांगता येतं. मग आपले दिवस एकेक करून आठवले. सात वर्षांच्या लग्नात मोजून एक वर्ष आपण एका घरात काढलं. त्यात तू सकाळी चूल पेटवलेली आठवते, आधण ठेवलेलं आठवतं. आईला कप देतेस, मला देतेस, आल्यागेल्याला देतेस. स्वतःच्या हातात मात्र तांब्या असतो, पाण्याचा.

अंजना, तू चहा पीतच नाहीस.

हे बरोबर असेल तर कळव. चूक असेल तरी कळव.

सुट्टीचं विचारायला साहेब माझ्याबरोबर ऑफिसात आले. ह्या वर्षाची यादी बंद. पुढच्या पावसाळ्याचीही भरली. बावीस सालचा फुटबॉलचा वर्ल्ड कप इथे होऊन जाईपर्यंत पावसाळी सुट्टीत नवीन नाव घेणार नाहीत, म्हणजे आणखी चार श्रावण गेले. साहेब इथे रस्त्याखाली पावसाचं पाणी वाहून न्यायच्या नळ्या टाकतात. वर्षातून दोन दिवस पडतो तो पाऊस, त्याच्यासाठी. आणि मी त्यांना रोज तिथे सोडतो. कर्माचे भोग म्हणतात ते हेच.

फेब्रुवारी मिळतो. दहा तारखेपासून तीस दिवस. पाणी नसेल. तू असशील का, हे विचारायला हे पत्र.

तू हुकलीस असं कधी लिहिलं नाही, हे खरं आहे. पाणी म्हणायला सोपं पडतं. गाडीत, खोलीत, कुणासमोरही म्हणता येतं. आठ माणसांच्या खोलीत बायकोची आठवण येते असं म्हणायचं कसं? म्हणून दुधाणी म्हणायचो. काच लावून बसायचो तेव्हा काचेपलीकडे पाणी असायचं खरं, पण हातधरीवर तू असायचीस.

तुझा,
धनाजी

&nbsp;

वाडी
सोमवार, २२ ऑक्टोबर

अहो,

दसऱ्याला पत्र मिळालं. दोनदा वाचलं. एकदा घरात, एकदा घळीत नेऊन.

चहाचं उत्तर बरोबर आहे. लहानपणापासून पीत नाही. तुमच्या आईलाही हे तीन वर्षं कळलं नव्हतं, तेव्हा तुम्हाला वेळ लागला म्हणून राग नाही. पण लागला.

बाजीराव भावजींशी नीट बोला. त्या दिवशी हातधरीवर त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि पलीकडे जाईपर्यंत उघडले नाहीत. त्यांना पाण्याचं काय विचारता? पापड त्यांनाही द्या.

निळा शर्ट आता माझा. लागण झाली, कापणीही त्यातच चालली आहे. तुम्ही आलात तरी परत मिळणार नाही.

दुधाणी आटत आली. आता करंगळीएवढी धार उरली आहे, दिवाळीपर्यंत तीही जाईल. फेब्रुवारीत खडक खडखडीत वाळलेला असतो. शेवाळ नसतं, पाय घसरत नाही. लहान पोरंसुद्धा हातधरीवरून पळत जातात, कुणाचा हात धरायची गरज पडत नाही.

तरी धरणार असाल तर या.

अंजना